गणिताचा तास, तुरीचं तास

आमच्याकडे तास दोन प्रकारचा असतो. एक घड्याळातला, जो कधी संपतो याची कॉलेजातली पोरं वाट बघत बसतात. दुसरं वावरातलं. वावरातलं तास म्हणजे पेरलेली ओळ. यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्याच्या तोंडी कुठल्याही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून विचारा, औंदा पेरणी कशी केली? उत्तर येईल, सहा तासं पऱ्हाटी, एक तास तूर. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. कोणी आठाला एक लावतो, कोणी चाराला एक, पण हिशेब सगळ्यांना तोंडपाठ.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर हेच लिहिते. पऱ्हाटीच्या तासांची संख्या प, तुरीच्या तासांची संख्या त. दर सहा पऱ्हाटीमागे एक तूर. आता समीकरण मांडा. वर्गात फेरी मारली की वहीमागून वहीत एकच ओळ दिसते: ६प = त. मग मी विचारते, तुरीची दहा तासं असली तर पऱ्हाटीची किती? 'साठ!' सगळा वर्ग एका दमात. बरं, मग घाला हेच आकडे तुमच्या समीकरणात. सहा गुणिले साठ बरोबर दहा. वर्ग गप्प. त्या शांततेत मागच्या बाकावरून दरवर्षी कोणीतरी पुटपुटतं, 'मले वाटलंच होतं. मले गणित येतच नाही.'

'माझं समीकरण चुकलं' असं कोणी म्हणत नाही. हिशेब बरोबर आला, मांडणी उलटी झाली, एवढीच गोष्ट. पण पोरगं निकाल लावतं तो स्वतःचा.

हा घोळ घाटंजी-पांढरकवड्याच्या पोरांपुरता नाही. अमेरिकेत क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर समीकरण लिहा, एवढाच प्रश्न. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांपैकी ३७ टक्क्यांचं चुकलं, आणि बहुतेकांचं चुकलं ते याच पद्धतीनं, उलटं. कारण विचार केला तर त्यात मूर्खपणा काही नाही. शाळेत 'मी' म्हणजे मीटर, 'ग्रॅ' म्हणजे ग्रॅम, ६ मी. म्हणजे सहा मीटर. त्याच चालीवर ६प म्हणजे सहा पऱ्हाट्या. '६प = त' हे त्या पोराच्या दृष्टीनं चोख मराठी वाक्य आहे: सहा पऱ्हाटीमागे एक तूर. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची संख्या, हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. उलट सहावी-सातवीत 'पाच ए अधिक तीन ए म्हणजे पाच आंबे अधिक तीन आंबे' असं सांगून सोपं करून दिलेलं असतं. त्या आंब्यांची कोय आमच्या घशात अडकते.

अमेरिकेत 'कॉलेज अल्जेब्रा' नावाचा स्वतंत्र पेपर असतो. आपल्याकडे त्या नावाचा पेपर नाही, पण तो उंबरठा आहेच. दहावीनंतर यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा जिल्ह्यातल्या खासगी पॉलिटेक्निकात गेलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स भेटतं. त्यात लॉगरिदम, मॅट्रायसेस, पार्शल फ्रॅक्शन्स. पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी बारावीनंतर आलेल्यांना एम-वन, म्हणजे मॅथेमॅटिक्स-वन. यवतमाळच्या अमोलकचंद किंवा वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयासारख्या ठिकाणी बीएस्सीला गणित घेतलेल्यांना पहिल्या वर्षाचं बीजगणित. बीसीएवाल्यांना आणि कॉमर्सवाल्यांना आपापलं. नावं वेगळी, अडखळणं सारखं. 'केटी', म्हणजे राहिलेला विषय, हा शब्द पहिल्यांदा घरी जातो तो बहुधा याच पेपरबरोबर.

या सगळ्याला सरसकट 'गणिताची भीती' म्हणायची आपली पद्धत आहे. म्हणून आधी हे पाहू की ही भीती खरंच भीती आहे, की न येण्याला दिलेलं सभ्य नाव.

शब्द जुना आहे. सिस्टर मेरी फिडेस गॉफ या अमेरिकन शिक्षिकेनं १९५४ मध्ये 'मॅथेमाफोबिया' असा शब्द वापरून लेख लिहिला. १९७२ मध्ये रिचर्डसन आणि सुइन यांनी ही भीती मोजायची ९८ प्रश्नांची प्रश्नावली केली. तेव्हापासून मानसशास्त्रात हा स्वतंत्र विषयच झाला. त्यातले दोन निष्कर्ष शिक्षकाच्या उपयोगाचे आहेत. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की भीती वाटत असताना डोक्यातली कामचलाऊ पाटी, जिच्यावर आपण हातचे धरतो, तीच भरून जाते. म्हणजे घाबरलेल्या मुलाला कमी अक्कल असते असं नाही. त्याची अर्धी पाटी 'आता मला विचारतील' या वाक्यानं व्यापलेली असते. दुसरा निष्कर्ष लायन्स आणि बायलॉक यांचा, २०१२ चा. मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंध असलेला भाग गणिताला घाबरणाऱ्या माणसाला गणित करायचं आहे हे कळल्यावर चेततो. गणित प्रत्यक्ष करताना नाही. आमच्या भाषेत, पेपर हातात पडायच्या आधी पोटात गोळा येतो, सोडवायला लागलं की जरा उतरतो. ज्यानं परीक्षेच्या हॉलबाहेरचे चेहरे पाहिलेत त्याला हे सांगायला मेंदूचा फोटो लागत नाही. पण फोटो आहे ते बरं. 'नाटकं करतो' म्हणणाऱ्याचं तोंड त्यानं बंद होतं.

आणि हे जगभर आहे. २०१२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं तेव्हा ५९ टक्क्यांनी सांगितलं की गणिताचा तास अवघड जाईल अशी चिंता वाटते. जवळपास ३० टक्क्यांना उदाहरण सोडवताना हतबल वाटायचं. त्या चाचणीत भारत नव्हता. पण आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणित शिक्षणावर जो गट बसला, त्यानं चिंतेच्या मुद्द्यांत पहिलाच मुद्दा लिहिला तो बहुसंख्य मुलांच्या मनातल्या भीतीचा आणि अपयशाच्या भावनेचा. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

खरा वाद आहे तो आधी काय, यावर. भीतीमुळे गणित येत नाही, की येत नाही म्हणून भीती? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि दोन्ही एकमेकांना पोसतात, हे कोणीही मान्य करील. पण शिन मा आणि जियांगमिंग शू यांनी सातवी ते बारावीच्या मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून २००४ मध्ये जे मांडलं, ते मला माझ्या वर्गाशी जास्त जुळतं वाटतं. आधीचं न येणं पुढच्या भीतीला जितकं जन्म देतं, तितकी आधीची भीती पुढच्या न येण्याला देत नाही. म्हणजे भीती हे बरेचदा व्याज आहे. मुद्दल कुठेतरी मागे थकलेलं असतं.

मुद्दल किती थकलंय? २०२३ च्या 'असर' या शिक्षण पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित जेमतेम ४३.३ टक्क्यांना आलं. हीच मुलं पुढे कॉलेजात येतात, आणि आम्ही त्यांना पार्शल फ्रॅक्शन्स शिकवायला घेतो. ज्याला साधा अपूर्णांक नीट जोडता येत नाही, त्याला आम्ही सांगतो, आता हा जोडलेला अपूर्णांक फोड.

इथे माझी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. आठवीत मला फळ्याशी बोलावलं होतं. उणे सात अधिक तीन. मी लिहिलं उणे दहा. सरांनी काहीच शिकवलं नाही. फक्त तास संपेपर्यंत मला तिथेच, त्या उणे दहाशेजारी, उभं ठेवलं. ते उत्तर का चुकलं हे मला अकरावीत, दुसऱ्या कोणाकडून कळलं. मधली तीन वर्षं मी पाठांतरावर काढली, आणि चांगल्या गुणांनी काढली. गणिताच्या शिक्षकांत असे माझ्यासारखे पुष्कळ असतील. २०१० मध्ये बायलॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांच्या वर्गांवर अभ्यास केला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेर गणितात मागे पडलेल्या आणि 'गणित मुलांचं काम' असं मानू लागलेल्या. मुलग्यांवर तो परिणाम दिसला नाही. ते वाचलं तेव्हा मी माझ्या आवाजाकडे लक्ष द्यायला लागले. 'हे जरा अवघड आहे हं' असं मी किती वेळा म्हणते ते मोजलं. आकडा इथे देत नाही.

उणे दहाचा प्रश्न मात्र साधा नाही. ऋण संख्या पचवायला अख्ख्या युरोपला शतकं लागली; सतराव्या-अठराव्या शतकातले काही मोठे गणितीसुद्धा शून्याहून कमी असलेल्या संख्या नाकारत होते. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त त्यांचे नियम लिहून ठेवले, आणि नावं दिली ती बाजारातली: धन आणि ऋण. जवळ असलेली मत्ता आणि डोक्यावर असलेलं देणं. या जिल्ह्यात ऋण म्हणजे काय हे कोणत्याही पोराला समजावून सांगावं लागत नाही. सात हजार सोसायटीचं देणं, तीन हजार फेडले, किती राहिले? चार हजार देणं. उणे सात अधिक तीन बरोबर उणे चार. शब्द आपला, अनुभव आपला, आणि तरी पोरगं 'माइनस सेव्हन प्लस थ्री' पुढे थिजून उभं राहतं. कारण वर्गात तो शब्द कधीचाच चिन्ह होऊन गेलेला असतो. 'ऋण' असं फळ्यावर लिहून एकदा थांबायचं, एवढंही आम्ही करत नाही.

भास्कराचार्यांचंही तसंच. जन्म १११४, 'लीलावती' ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे बीजगणिताचं कॉलेज आपल्या मराठी मुलखात आठशे वर्षांपूर्वी होतं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जितकं असेल तितकं. एकाहून जास्त अज्ञात असले की रंग: कालक, नीलक, पीतक, लोहितक. (यवतमाळच्या 'यवत'चा या 'यावत्'शी काही संबंध नाही; पण वर्गात मी हा विनोद करते आणि तो चालतो.) 'जितकं असेल तितकं' या तीन शब्दांत अक्षराचा अर्थ जेवढा उघड आहे तेवढा 'एक्स'मध्ये नाही. एक्स म्हटलं की पोरांना वाटतं, कुठेतरी लपवलेलं एकच उत्तर शोधायचंय. यावत्तावत् म्हटलं की कळतं, संख्या आहे, फक्त अजून सांगितलेली नाही.

बीजगणितात पोरं अडखळतात त्या जागा मोजक्या आहेत आणि त्या सगळ्या कॉलेजच्या आधीच्या आहेत. बरोबरचं चिन्ह ही पहिली. प्राथमिक शाळेत '=' म्हणजे 'उत्तर आलं'. म्हणून वहीत ३ + ४ = ७ + २ = ९ अशी आगगाडी निघते आणि ती कोणी अडवत नाही. दोन्ही बाजू तराजूसारख्या सारख्या असाव्या लागतात हे न कळता समीकरण सोडवणं म्हणजे 'इकडून तिकडे नेलं की चिन्ह बदल' हा मंत्र. का बदलतं, विचारायचं नाही. दुसरी जागा म्हणजे उत्तर अर्धवट सोडायची लाज. २एक्स + ३ हे उत्तर असू शकतं यावर पोरांचा विश्वास बसत नाही. ते बिचारं उघडं वाटतं, म्हणून त्याचं ५एक्स करून टाकतात. तिसरी कंसाबाहेरचा उणे.

या तिसऱ्यावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी काम केलंय, आणि ते मला या आढाव्यात सगळ्यात कामाचं वाटतं. त्यांनी मुलांना पदावली 'क्रिया' म्हणून वाचायला न शिकवता 'पदं' म्हणून वाचायला शिकवलं: १९ − ७ + ४ म्हणजे एकोणीस, उणे सात आणि अधिक चार अशी तीन पदं, प्रत्येक आपल्या चिन्हासकट. मग ती पदं पुढेमागे सरकवा, एकत्र करा, काही बिघडत नाही. आधी हे अंकगणितात पक्कं करायचं, अक्षरं नंतर आणायची. ऐकायला क्षुल्लक. पण मी पहिल्या वर्षाच्या पोरांना आठ दिवस नुसत्या आकड्यांच्या पदावल्यांत चिन्हासकट चौकटी करायला लावते, तेव्हा मॅट्रिक्सच्या धड्यातल्या चिन्हांच्या चुका डोळ्यांदेखत कमी होतात. सहकारी हसतात. 'सिलॅबस केव्हा संपवणार?' सिलॅबस सगळ्यांचाच संपतो. पोरांचं काय होतं ते विंटर परीक्षेच्या निकालात दिसतं.

एक प्रसंग मनातून जात नाही. दिवाळीच्या आसपास एक मुलगी चार दिवस गैरहजर होती. कापूस वेचायला गेली होती. परत आल्यावर मी सहज विचारलं, किती मिळाले? म्हणाली, 'सदतीस किलो वेचला एका दिवशी, आठ रुपये किलोनं. दोनशे शहाण्णव.' इतक्या लवकर कसं काढलंस? 'चाळीस आठे तीनशे वीस, त्यातून तीन आठे चोवीस गेले.' मी खडू उचलला आणि लिहिलं: ८(४० − ३). तू हे केलंस. मग खाली लिहिलं: ८(एक्स − ३). हे कर. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, हे वेगळं हाय.'

नाही, वेगळं नाही. पण तिला वेगळं वाटतं, आणि बीजगणित शिकवायचं म्हणजे हे 'वेगळं नाही' पटवून द्यायचं. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असायची. या पोरांच्या घरी क्विंटल, अडत, तोलाई यांचा हिशेब रोजचा आहे. आकड्याला इथे कोणी भीत नाही. भीती आकडा वहीत आल्यावर सुरू होते.

वहीत तो येतो कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे. मराठी माध्यमात दहावीपर्यंत सहगुणक, चल, बहुपदी, निश्चयक, वर्गसमीकरण. जुलै-ऑगस्टात तीच पोरगी पॉलिटेक्निकात बसते आणि कोएफिशंट, व्हेरिएबल, पॉलिनॉमिअल, डिटरमिनंट, क्वाड्रॅटिक. निश्चयक आणि डिटरमिनंट ही एकच वस्तू आहे आणि क्रेमरच्या पद्धतीत तिनं ती दहावीतच वापरलीय, हे कळेपर्यंत अर्धं सत्र जातं. दारव्हा-दिग्रसच्या तांड्यावरून आलेल्या मुलाची घरची भाषा गोरमाटी. झरी जामणी-मारेगावच्या पोडावरून आलेल्याची कोलामी. त्यांची ही तिसरी भाषा. 'असायनमेंट समजलं का?' म्हटल्यावर मान हलते ती समजलं म्हणून नव्हे, मॅडम थांबाव्यात म्हणून. अलीकडे पदविकेला मराठी-इंग्रजी मिश्र माध्यमाचा पर्याय आलाय आणि २०२१ पासून पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीही शिकवू लागलेत. दिशा चांगली आहे. पण भाषांतरित पुस्तकानं काम होत नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी हवेत, रोज.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन सुचवलं, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्यांचा मुद्दा सरळ होता: मराठीत २५ लिहिताना दोन आधी, बोलताना पाच आधी, आणि लहान मुलाचा इथे गोंधळ होतो. विनोद झाले, विधिमंडळात टोमणे झाले. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला तेलुगूत 'इरवै ऐदु', म्हणजे वीस-पाचच म्हणतात, आणि त्यानं तेलुगूचं असं काही बिघडलेलं नाही. मला ती सूचना सगळीच्या सगळी पटली होती असं नाही. 'पंचवीस' मला आवडतं. पण गणित अडतं ते भाषेत, हे एका मोठ्या गणितज्ञ बाईनं दुसरीच्या पुस्तकापर्यंत उतरून सांगितलं आणि आपण त्याची थट्टा केली. त्या २०२३ मध्ये गेल्या. 'गणिताच्या सोप्या वाटा' हे त्यांचं पुस्तक आमच्या लायब्ररीत आहे, आणि त्याच्या कार्डावर पोरांच्या सह्या आहेत.

सरकारनं यावर काय केलं? वेळोवेळी दार रुंद केलं किंवा दुसरं दार काढलं. काही वर्षं नववी-दहावीला 'सामान्य गणित' होतं, बीजगणित-भूमितीला घाबरणाऱ्यांसाठी. नव्या अभ्यासक्रमाबरोबर २०१७-१८ ला नववीपासून ते गेलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. मुद्दा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा होता आणि तो रास्त होता. सीबीएसईनं २०२० च्या दहावीपासून 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन स्तर केले. २०२१ मध्ये एआयसीटीईनं इंजिनिअरिंग प्रवेशासाठी बारावीच्या चौदा विषयांची यादी काढली, ज्यात गणित घेतलंच पाहिजे असं राहिलं नाही. कमी पडेल ते ब्रिज कोर्सनं भरून काढा, म्हणाले. आरडाओरड झाल्यावर पुढच्या वर्षी बऱ्याच शाखांना गणित परत आलं. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर दहावीला गणित-विज्ञानात वीस गुणांवर पुढे जाऊ द्यायचं, पण गुणपत्रिकेवर 'पुढे हे विषय घेता येणार नाहीत' असा शेरा मारायचा, अशी तरतूद आली.

हे सगळं मला कर्जमाफीसारखं वाटतं. विरोधात मी नाही. गळ्याशी आलेल्याला श्वास मिळतो. पण २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. पुन्हा पेरणीला उधारीच लागली. गणित सुटलेल्या पोराला तलाठ्याच्या, पोलीस भरतीच्या पेपरात अंकगणित भेटतंच. यवतमाळच्या, पुसदच्या अभ्यासिकांत जाऊन बघा, कॉलेजात बीजगणिताला हात न लावणारी पोरं काळ-काम-वेगाच्या ट्रिका रात्री अकराला घोकत असतात. 'क' ला 'ख' च्या दुप्पट वेळ लागतो. तेही बीजगणितच, फक्त त्यांना कोणी तसं सांगितलेलं नाही.

दुसरं दार काढावं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार पुरावा न्यूयॉर्कचा आहे, तो टाळून चालणार नाही. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीत ॲलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी गणितात कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींना नेहमीचं पूर्वतयारीचं बीजगणित, काहींना थेट कॉलेजचं संख्याशास्त्र, सोबत जादा वर्ग. २०१६ च्या निष्कर्षात बीजगणितात ३९ टक्के पास, संख्याशास्त्रात ५६. कॅलिफोर्नियानं २०१७ च्या कायद्यानं पूर्वतयारीच्या वर्गांत अडकवून ठेवणंच बंद करत आणलं. राजकारण किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलाला बीजगणिताच्या टोलनाक्यावर कशाला अडवायचं, हा प्रश्न बरोबरच आहे. पण माझ्या वर्गातलं पोरगं सिव्हिलला, इलेक्ट्रिकलला आलंय. त्याच्या घरातला तो बहुधा पहिला डिप्लोमावाला. त्याला संख्याशास्त्राचं दार दाखवणं म्हणजे त्याच्या शाखेचं दार लावणं. तिथल्या उत्तरातलं आपण घ्यायचं ते वेगळं आहे: जादा वर्ग, मुख्य पेपरच्या सोबतच, आधी किंवा ऐवजी नाही.

उपायांचा बाजारही मोठा आहे. प्रेरणादायी व्याख्यानं झटकन बाजूला ठेवते. 'भिऊ नका' सांगून भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. वैदिक गणिताच्या युक्त्या गुणाकार लवकर करून देतात, पण आमच्या पोरांना गुणाकार लवकर करायचा नाहीच, कंस उघडायचा आहे. २०११ मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांनी दाखवलं की परीक्षेआधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात. फार गाजलं. मीही करून पाहिलं. पोरांनी लिहिलेलं वाचून रडू आलं. पण २०१८ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी मोठ्या गटावर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तसा आला नाही. मी अजूनही लिहायला लावते, गुणांसाठी नाही. मला कळावं म्हणून.

टिकलेला उपाय जुना आणि महाग आहे: शेजारी बसून शिकवणं. सुपेकर आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात तिसरीतल्या घाबऱ्या मुलांना आठ आठवडे एकेकट्याला शिकवल्यावर भीती उतरली. इथे साठ पोरांमागे एक मॅडम, एकेकटं कुठून आणायचं? त्यावर युरी ट्राइझमनचं उत्तर आहे. सत्तरीच्या शेवटी बर्कलीत त्यानं बघितलं की चिनी वंशाची मुलं कॅल्क्युलसमध्ये पुढे जातात आणि कृष्णवर्णीय मुलं, सारखीच मेहनती असून, मागे पडतात. कारण शोधायला तो त्यांच्या खोल्यांपर्यंत गेला. चिनी मुलं रात्री एकत्र जेवत, एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांना वेड्यात काढत. दुसरी मुलं आपापल्या खोलीत एकटीच झगडत होती, कारण अभ्यास एकट्यानंच करायचा असतो असं त्यांना शिकवलेलं होतं. मग त्यानं गटांच्या कार्यशाळा काढल्या, अवघड उदाहरणांच्या, सोप्या नव्हे, आणि चित्र बदललं. यवतमाळला आदिवासी वसतिगृहं आहेत, समाजकल्याणची आहेत, चार-चार पोरांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. एकत्र बसायला जागा आहे. नाही ती सवय: आपलं चुकलेलं दुसऱ्याला दाखवायची.

म्हणून मी यंदा ते तासांचं समीकरण गटात दिलं. चार-चार जण, एक कागद, एकच पेन. नेहमीप्रमाणे ६प = त आलं, पण या वेळी मी बोलायच्या आधीच एका गटात भांडण लागलं. 'घाल ना आकडे, साठ कसे येतील?' पाच मिनिटांत सगळ्या कागदांवर प = ६त. मी समाधानानं फळ्याकडे वळले, तेवढ्यात ती कापूस वेचणारी पोरगी उभी राहिली.

'मॅडम, हे बी बरोबर नाही.'

'काऊन?'

'तुरीचं तास शेवटी नसते ना. तुरीनंतर पुन्हा सहा तासं पऱ्हाटी, मंग धुरा. दोन्ही धुऱ्याकडून पऱ्हाटीच असते.'

वर्गातली निम्मी पोरं मान डोलवायला लागली. मी कधी पाहिलंच नव्हतं; इतकी वर्षं समीकरण शिकवत होते, वावर विचारत नव्हते. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं आधी तुरीची दोन तासं काढली, मग त्यांच्या अलीकडे, मधे आणि पलीकडे सहा-सहा रेघा मारल्या. मोजल्या. अठरा. मग थोडं थांबून लिहिलं: प = ६(त + १).

मागच्या बाकावरून आवाज आला, 'कंस उघड, कंस.'